आजाराचा खर्च आणि वहीचे सहा रकाने



आज आम्ही सोबत एक वही घेऊन बसलो आहोत. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या पोरांकडे असते तशी. वही आमच्याच बचत गटातल्या एका मावशींची आहे. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, तसं त्यांना कबूल केलं आहे. पण वहीत काय लिहिलं आहे ते सांगायला त्यांनी आनंदानं होकार दिला. म्हणाल्या, "सांगा. माझं झालं ते झालं, दुसरीचं व्हायला नको."

मावशींना स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पैसे भरावे लागले नाहीत. गटात आम्ही सगळ्या म्हणालो, चला, सुटल्या बिचाऱ्या. पुढे केमो सुरू झाली आणि मधल्या दोन खेपांना मावशी गेल्याच नाहीत. आम्हाला वाटलं अंगात त्राण नसेल. खरं कारण पुष्कळ महिन्यांनी कळलं. एसटीला आणि रेल्वेला पैसे नव्हते. शिवाय सोबत जायचं तर मुलाची दोन दिवसांची मजुरी बुडत होती. औषध फुकट होतं, पण औषधापर्यंत पोचायला पैसे नव्हते. आम्ही दर महिन्याला त्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसत होतो. त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

मावशींच्या सुनेनं या वहीत सगळा हिशेब ठेवला होता. पट्टीनं रेघा मारून सहा रकाने पाडले होते: दवाखाना, औषध, प्रवास, मुक्काम-जेवण, बुडालेली मजुरी आणि गहाण. वही पाहिल्यावर आमच्या लक्षात आलं की कर्करोगाचा खर्च म्हणजे एक मोठा डोंगर नसतो, ते सहा वेगळे ओढे असतात. प्रत्येक ओढ्यावर कधी ना कधी, कुणी ना कुणी फळी टाकली आहे. कुठे ती भक्कम आहे, कुठे मोडकी आहे, कुठे अजून टाकलेलीच नाही. या फळ्या कुणी, कधी आणि कशा टाकल्या, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो माहीत असला की विचारायला जाताना मान खाली जात नाही.

पहिला रकाना: दवाखाना

या रकान्याची गोष्ट एका दागिन्यापासून सुरू होते.

मेहेरबाई टाटा हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी, त्यांच्या या पत्नी. बालविवाहाविरुद्ध आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी बोलणारी ही बाई. दोराबजींनी त्यांना ज्युबिली नावाचा हिरा घेतला होता. तो २४५ कॅरेटचा, म्हणजे कोहिनूरहून मोठा. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेताला आला, तेव्हा या नवराबायकोनं आपली खासगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. त्यात हा हिराही होता. कामगारांचे पगार झाले, कारखाना तरला, तारण सुटलं.

पुढे मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. १९३१ साली ब्रिटनमध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्यांचं निधन झालं. देशातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एका घरची ही बाई. तिलाही हा आजार सोसायला परदेशात राहावं लागलं आणि तिथेही तिच्यावर इलाज नव्हता. वर्षभरातच, १९३२ साली, दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली. ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि ती रक्कमही त्याच निधीत आली.

याच निधीच्या पैशातून मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. अणुऊर्जा खात्याचा दवाखान्याशी काय संबंध, असं वाटेल. कर्करोगावर रेडिएशन द्यायचं तर किरणांचं शास्त्र जाणणारी माणसं लागतात, आणि ती त्या खात्याकडे होती. त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, मेहेरबाईंचे सख्खे भाचे. सरकारचा पैसा पाठीशी असल्यामुळेच आजही तिथे हजारो गरीब रुग्णांवर अल्प दरात किंवा जवळजवळ मोफत उपचार होतात.

हा झाला इमारतीचा इतिहास. त्याच निधीनं आणखी एक काम केलं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्य शिकवणारी शाळा त्यांनी सुरू केली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. डॉक्टर आजार बघणार, परिचारिका रुग्ण बघणार, पण घरी किती माणसं आहेत, भाकरी कोण करतं, परत जायला भाडं आहे का, हे बघणारं कुणीतरी दवाखान्यातच हवं, हा विचार तेव्हा नवा होता.

सरकारी दवाखान्यात आज या माणसाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. मोठ्या दवाखान्यात त्यांचा वेगळा विभाग असतो. मावशींच्या घरच्यांना हे कुणी सांगितलंच नाही. सहा महिने ते त्या खोलीच्या दारावरून ये-जा करत होते आणि आत जायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: केसपेपर काढल्यावर डॉक्टरांच्या रांगेत उभं राहण्याइतकंच या खोलीच्या रांगेत उभं राहणं महत्त्वाचं आहे.

दवाखान्याचं बिल भागवायला राज्यानं योजना काढल्या, त्याही टप्प्याटप्प्यानं. १९९७ साली जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर पोचली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, तिची मर्यादा पाच लाख. २०२३ साली राज्य सरकारनं आपल्या योजनेची मर्यादाही पाच लाख करण्याचा आणि ती सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला.

खासगी धर्मादाय रुग्णालयांचंही एक सांगायला हवं. विश्वस्त संस्था म्हणून नोंद झालेल्या रुग्णालयांना सरकारकडून सवलती मिळतात. त्यांनी गरिबांसाठी काही करायला नको का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २००६ साली न्यायालयानं योजना आखून दिली. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या. उत्पन्नाची मर्यादा बदलत राहते, ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात किंवा रुग्णालयातच विचारायची.

या सगळ्या योजनांचा एक समान नियम आहे. नाव आधी नोंदवायचं, उपचार मग. बिल भरून झाल्यावर पावत्या घेऊन गेलात तर सहसा काही हाती लागत नाही. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी जायचं.

दुसरा रकाना: औषध

आजार लांबला की दवाखान्यापेक्षा औषधाचा रकाना भरत जातो. या रकान्यातली लढाई मोठी आहे आणि ती कोर्टात लढली गेली.

१९७० साली आपल्या संसदेनं पेटंटचा नवा कायदा केला, तो १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर कुणाला मक्तेदारी मिळणार नव्हती, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळणार होती. मग आपल्या कारखान्यांनी त्याच औषधासाठी वेगळी पद्धत शोधायची आणि स्वस्तात विकायचं. भारत स्वस्त औषधांचा देश झाला तो यामुळे. पुढे जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर २००५ साली कायदा बदलावा लागला आणि औषधांवरही पेटंट सुरू झालं. पण संसदेनं त्यात एक कलम घातलं. जुन्याच औषधात थोडासा फेरफार करून, त्याचा गुण वाढलेला नसताना, नवं पेटंट मागता येणार नाही, असं ते कलम.

या कलमाची परीक्षा एका कर्करोगाच्या औषधावरच झाली. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर ग्लिव्हेक नावाची गोळी आली होती. गोळी खरोखर गुणकारी, पण महिन्याचा खर्च लाखाच्या घरात. आपल्या कंपन्या तेच औषध त्याच्या जवळपास दशांश किमतीला देत होत्या. नोव्हार्टिस या स्विस कंपनीनं भारतात पेटंट मागितलं. त्याला हरकत घेणाऱ्यांत औषध कंपन्या तर होत्याच, पण मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. १९६९ साली सुरू झालेली ही रुग्णांना मदत करणारी संस्था. औषधं वाटून किती वाटणार, त्यापेक्षा औषध महाग होण्याचं मूळच धरलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. २००६ साली पेटंट नाकारलं गेलं. खटला पुढे चालत राहिला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला.

त्याआधी वर्षभर, मार्च २०१२ मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयानं आणखी एक निर्णय दिला होता. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर बायर कंपनीचं नेक्सावार नावाचं औषध होतं. महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. सर्वसामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत ते मिळत नाही, या कारणावरून हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायची सक्तीची परवानगी मिळाली. किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये. आपल्या देशातला हा असा पहिलाच परवाना. मुंबई उच्च न्यायालयानंही २०१४ साली तो उचलून धरला.

२ लाख ८० हजार आणि ८,८८०. हे दोन आकडे आमच्यातल्या एकीनं फळ्यावर लिहिले, तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. औषध तेच, रोगी तोच. किंमत ही काही देवानं ठरवलेली नसते, माणसांनी ठरवलेली असते आणि माणसांना ती बदलता येते.

२०१९ च्या फेब्रुवारीत औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं कर्करोगाच्या ४२ औषधांवर विक्रीतला नफा ३० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही असं बंधन घातलं. त्यामुळेही अनेक औषधं उतरली. आपण काय करायचं? डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "डॉक्टर, याच गुणाचं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध चालेल का?" चालणार असेल तर ते लिहून देतात. मात्र डॉक्टरांना न विचारता, दुकानदाराच्या सांगण्यावरून बदल करायचा नाही. आणि पैसे पुरवायचे म्हणून एक गोळी दोन दिवस खायची, असं तर मुळीच करायचं नाही. मावशींनी तेही केलं होतं, वहीतल्या तारखांवरून ते कळतं.

तिसरा रकाना: प्रवास

कर्करोगाचे मोठे दवाखाने पहिल्यापासून मोठ्या शहरांत राहिले, म्हणून हा रकाना खेड्यातल्या बाईला नडतो. यावर दोन उपाय झाले. एक म्हणजे प्रवास स्वस्त करायचा, दुसरा म्हणजे दवाखानाच जवळ आणायचा.

रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात भाडं पूर्ण माफ आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत आहे. करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांसकट पुष्कळांच्या सवलती थांबवल्या, पण रुग्णांच्या सवलती चालू ठेवल्या. यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. मावशींच्या वहीत पहिल्या पाच खेपांचं रेल्वेभाडं पूर्ण लिहिलेलं आहे. सहाव्या खेपेला गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं सवलतीचं सांगितलं. सरकारनं दिलेली सवलत त्यांना कळली ती अशी, गाडीच्या बाकावर.

दुसरा उपाय सोलापूर जिल्ह्यात बार्शीला झाला. १९८० च्या दशकात तिथे नर्गिस दत्त यांच्या नावानं कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच्याच आधारानं १९८७ साली आसपासच्या गावांतल्या कर्करुग्णांची रीतसर नोंद ठेवायला सुरुवात झाली. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. त्याआधी खेड्यातल्या किती बायका या आजारानं जातात याची मोजदादच नव्हती. बाई गेली, "पोटात काहीतरी झालं होतं" एवढंच मागे उरायचं. नोंद झाली तेव्हा दिसलं की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बायकांना किती खातो आहे, आणि दवाखान्यात त्या किती उशिरा येतात. या उशिराबद्दल शेवटी बोलू.

चौथा रकाना: मुक्काम-जेवण

परळच्या फुटपाथवर तुम्ही कधी गेला असाल तर पाहिलं असेल. बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण, सगळीकडची माणसं पथारी टाकून बसलेली असतात. नाकाला फडकं, हातात फायलींची पिशवी. खाट फक्त ऑपरेशनपुरती मिळते. केमो आणि रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालतं. तेवढे दिवस राहायचं कुठे?

हा प्रश्न सर्वांत आधी ज्यांना कळला त्यांच्याकडे पदवी नव्हती, हातात खराटा होता. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दवाखान्याच्या दारात ताटकळणारा माणूसही यात्रेकरूच आहे, हे त्यांनी ओळखलं. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली ती त्यांच्याच प्रेरणेनं. बाबा १९५६ साली गेले. पुढे त्यांच्या मिशननं दादरला धर्मशाळा चालवली, आणि आज परळला येणारे कितीतरी कर्करुग्ण देशभरातून येऊन तिथेच उतरतात. नाममात्र पैसे आणि दवाखान्याची चिठ्ठी, एवढं पुरतं.

मुलांसाठी वेगळी सोय फार उशिरा झाली. केमो चालू असलेल्या मुलाला जंतुसंसर्ग पटकन होतो. फुटपाथवर राहणाऱ्या मुलाचं औषध चालू असलं तरी तो वाचेलच असं नाही. २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड या संस्थेनं अशा मुलांना आईबापासह विनामूल्य राहण्याची केंद्रं सुरू केली. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वच्छ जागा आणि स्वयंपाकाची सोय. औषधाइतकीच स्वच्छ जागाही उपचारच आहे, हे त्यातून लोकांना समजलं.

मावशींची सून सांगते, धर्मशाळेत जागा मिळायच्या आधी चार रात्री त्या दोघी लॉजवर राहिल्या. त्या चार रात्रींचे पैसे वहीत आहेत. पुढच्या दीड महिन्याच्या धर्मशाळेच्या खर्चापेक्षा ते जास्त आहेत. तेव्हा निघण्याआधीच चौकशी करायची. ती त्याच समाजसेवा विभागात होते.

पाचवा रकाना: बुडालेली मजुरी

हा रकाना सगळ्यात रिकामा आहे. म्हणजे वहीत तो गच्च भरला आहे, पण त्याच्यावर फळी टाकणारे फार कमी.

ज्या परळमध्ये टाटा रुग्णालय आहे ते परळ म्हणजे गिरणगाव. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५४ साली तो मुंबईत लागू झाला. या विम्यात कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारासाठी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. केवढी मोठी गोष्ट! आजारी पडलेल्या माणसाला औषधासोबत पगारही हवा, हे या देशाच्या कायद्यानं पंचाहत्तर वर्षांपूर्वीच मान्य केलं. पण कुणासाठी? गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी. शेतात खुरपायला जाणारी, ऊस तोडणारी, चार घरची भांडी घासणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नाही. तिला कर्करोग झाला तर तिची मजुरी बुडते, आणि तिला घेऊन जाणाऱ्याचीही बुडते.

तिच्यासाठी आहे ती १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. कर्करोगासारख्या दुर्धर आजारामुळे ज्यांना कमावता येत नाही तेही या योजनेत बसतात, हे पुष्कळांना ठाऊक नाही. २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं अशी अट आहे. वर्षाला २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालणार कसं, हे आम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. ही अट बदला, असं आपल्याला ग्रामसभेत, तहसीलदारांपुढे आणि मतं मागायला येणाऱ्यांपुढे म्हणावं लागेल. विमा आणि पेटंट या लढाया कुणीतरी लढलं म्हणून आज आपल्याला त्यांचा लाभ होतो. ही आपल्या वाट्याची आहे.

सहावा रकाना: गहाण

या रकान्यात मावशींच्या सुनेनं लिहिलं आहे: बोरमाळ, कानातले, एक म्हैस. मग एक ओळ कोरी. आणि मग, तीन टक्क्यांनी, महिन्याला. तीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस.

मेहेरबाईंचा हिराही गहाण पडला होता आणि आमच्या मावशींची बोरमाळही. एकीचा हिरा सुटला, आणि तिच्यामागं त्यातून दवाखान्याला हातभार लागला. दुसरीची बोरमाळ अजून सुटलेली नाही. दागिना हा बाईचा शेवटचा आधार असतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढायचा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. योजना, सवलती, धर्मशाळा, धर्मादाय खाटा यांची चौकशी होण्याआधीच पेटी उघडली जाते.

कर्ज काढायची वेळ आलीच तर आधी गट, मग बँक किंवा पतपेढी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेला हा निधी आज कर्करोगाच्या उपचारालाही मदत देतो. अर्जाला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं.

आता त्या उशिराबद्दल. बायका दवाखान्यात उशिरा का येतात? लाज असते, भीती असते, पण मावशींना विचारलं तर त्या वेगळंच सांगतात. "गाठ लागली होती गं हाताला. म्हटलं, सोयाबीन निघू दे, धाकटीचं लग्न होऊ दे. आत्ता दाखवलं तर खर्च निघेल." खर्च वाचवायला त्या दहा महिने थांबल्या, आणि म्हणूनच खर्च वाढला. लहान गाठीला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट मोठ्या गाठीला लागतं, पैसाही आणि सोसणंही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या लोकांनी १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला सौम्य व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखं द्रावण आणि शिकवलेली बाई. सहाही रकान्यांचा खर्च कमी करणारा याच्याइतका स्वस्त उपाय आम्हाला दुसरा माहीत नाही. तपासणी कुठे होते ते आपल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. विचारण्यासाठी सोयाबीन निघायची वाट बघू नका.

मावशी आज बऱ्या आहेत. चुकलेल्या खेपा डॉक्टरांनी पुढे भरून काढल्या, रागावलेही. आता दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला जातात, रेल्वेचा दाखला पिशवीत असतो. त्या प्रकारानंतर आमच्या गटानं एक ठराव केला. गटातली कुणी आजारी पडली तर "कशी आहेस" एवढंच विचारायचं नाही. पुढची तारीख कधी, सोबत कोण, भाड्याचं काय, हे तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी एकीच्या सासूबाईंना घशाचा कर्करोग निघाला. तेव्हा दर खेपेला गटातली एक जण सोबत गेली, पाळीपाळीनं, म्हणजे एकाच घराची मजुरी बुडाली नाही. पाचव्या रकान्यावर आम्हाला टाकता आली ती ही एवढीशी फळी.

तुमच्या गावात कुणाकडे असा आजार असेल तर त्यांना एक वही द्या आणि पट्टीनं सहा रेघा मारून द्या. कुठला रकाना भरतो आहे ते दिसलं की कुठल्या दारात जायचं तेही दिसतं. ती दारं कुणाच्या मेहेरबानीनं उघडलेली नाहीत. आपल्यासारख्याच कुणाचं तरी माणूस गेलं, कुणी तरी रस्त्यावर झोपलं, कुणी तरी कोर्टात गेलं, तेव्हा ती उघडली. त्यातून आत जाणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

मावशींची वही आम्ही केंद्रावर ठेवली आहे. मागची चाळीस पानं कोरी आहेत. तुम्हाला माहीत असलेली धर्मशाळा, सवलत, दाखला, जे असेल ते येऊन त्यात लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.